शॅमेलियन पाळायचाय? मग आधी पिंजरा, मग सरडा

पहिलंच सांगून टाकतो, ज्यांना मांडीवर घेऊन कुरवाळायला प्राणी हवाय त्यांनी इथूनच मागे फिरा, शॅमेलियन त्यातला नाही. कमीलियन, कॅमेलियन, शॅमेलियन काय म्हणायचं ते म्हणा, मराठीत ह्याला घोयरा असा झकास शब्द आहे पण हल्ली तो फारसा कुणाच्या तोंडात नसतो. तर ह्या घोयऱ्याला तुमचं प्रेम नकोय. त्याला ऊन, पाणी, पानांचा आडोसा आणि जिवंत किडे हवेत, आणि तुम्ही लांब बसून नुसते बघत राहिलात तर त्याची ना नसते. फिशटँकसारखंच समजा, फक्त मासा फांदीवर बसलेला आणि एक डोळा तुमच्यावर, दुसरा मागच्या रातकिड्यावर.

माझा पहिला म्हणजे गोट्या. डोळे गोट्यांसारखे गरगरायचे म्हणून गोट्या. साडेतीन महिन्यांचा असताना आला आणि तो आला तेव्हा माझ्याकडे काचेची टाकी होती, एक बल्ब होता आणि पाण्याची वाटी होती, आणि ह्यातलं एकही बरोबर नव्हतं. ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला होता वाटी ठेवा, तहान लागली की पितो तो. तीन दिवस वाटीतलं पाणी होतं तेवढंच. चौथ्या दिवशी झाडावर धूळ दिसली म्हणून मी सहज स्प्रे मारला तर हा पठ्ठ्या, जो तोपर्यंत एका फांदीला चिकटून होता, तो चक्क लगबगीने पुढे आला आणि पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब तोंडात घेतला, मग जबडा चावल्यासारखा हलवला, मान वर केली, परत पुढचा थेंब. पाचेक मिनिटं तरी पीत होता. मी स्प्रेची बाटली धरून तसाच उभा आणि डोक्यात एकच, की बाबा रे हा तीन दिवस तहानलेला होता आणि पाणी त्याच्या समोर होतं.

साचलेलं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी हे ह्यांच्या डोक्यात नसतंच. ते झाडावर राहतात, तिथे पाणी म्हणजे पानावरचं दव आणि पावसाचे थेंब. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली ना की बाकीचं पुष्कळसं आपोआप कळतं, कारण तुम्ही सरडा सांभाळत नसताच, तुम्ही एक छोटंसं झाड, त्याच्यावरचं ऊन आणि सकाळचं दव सांभाळत असता. ते नीट जमलं की सरडा स्वतःचं स्वतः बघतो.

म्हणून माझं ऐका, प्राणी आणायच्या आधी दोन आठवडे पिंजरा पूर्ण तयार करा आणि रिकामाच चालवा. लाइट टायमरवर, स्प्रे टायमरवर, थर्मामीटर आणि ह्युमिडिटी मीटर आत. बघा दुपारी किती तापतंय, रात्री किती उतरतंय, पाणी खाली साचतंय का, फरशीवर ओघळतंय का. हे सगळे घोळ रिकाम्या पिंजऱ्यात झालेले बरे.

कुठला घ्यायचा

नवशिक्यांसाठी दोनच नावं लक्षात ठेवा, व्हेल्ड आणि पँथर. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला, डोक्यावर उंच शिरस्त्राण असतं, त्याला कास्क म्हणतात. तब्येतीला दणकट, स्वभावाला तिरसट. नर शेपटीसकट दीड ते दोन फुटांपर्यंत जातो, मादी लहान. पँथर मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा, तिथल्या ज्या भागातला त्याप्रमाणे रंग वेगळा, अंबिलोबे, नोसी बे, अंबांजा ही नावं तुम्हाला विकणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येतील ती गावांची आणि बेटांची आहेत. पँथर जरा शांत असतो पण हे सरसकट नाही, माझ्या ओळखीतला एक पँथर त्याच्या मालकाला बघून रोज फुस्स करतो. तिसरा जॅक्सन, तीन शिंगंवाला, केनिया-टांझानियाच्या डोंगरातला, दिसायला एकदम छोटा डायनासोर, पण त्याला थंडावा लागतो, उकाडा सोसत नाही, त्यामुळे पहिलाच म्हणून नको.

नर की मादी, तर पहिला नरच घ्या. का ते खाली सांगतो. व्हेल्डमध्ये हे ओळखायला सोपं, नराच्या मागच्या पायाच्या टाचेला जन्मापासून एक बारीक बोंड असतं, मादीला नसतं.

आणि पिंजऱ्यातच जन्मलेला घ्या, रानातून धरून आणलेला नको. रानातला पोटात जंत घेऊन येतो, प्रवासात अर्धा मेलेला असतो आणि माणसाची धास्ती कधी जात नाही. झाडावर दिसला म्हणून पकडून तर अजिबात आणू नका. पाळल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात, आणि तुम्ही राहता तिथला कायदा त्याहून कडक असू शकतो तेव्हा आधी तो बघा, कागद मागा, कागद नसतील तर सोडून द्या. वय किमान ३ महिने हवं. त्याहून लहान पिल्लू एक दिवस पाणी चुकलं तरी हातचं जातं. घेताना डोळे पूर्ण उघडे, फुगीर आणि फिरते आहेत ना, पाय सरळ आहेत ना आणि फांदी घट्ट धरतोय ना एवढं बघा. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलियन कितीही गोंडस वाटला तरी तो झोपाळू नसतो, आजारी असतो.

पिंजरा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, इथे ते कुंपण तुम्हीच बांधणार आहात तर निदान उंच बांधा. मोठ्या नराला ६० बाय ६० आणि १२० सेंटिमीटर उंच, ह्यापेक्षा कमी नको. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. आणि तो पिंजरा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर चढवा, म्हणजे त्याची बसायची सगळ्यात वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. शॅमेलियन वरून खाली बघत असेल तर निवांत असतो, तुम्ही त्याच्या डोक्यावरून वाकून बघितलंत की त्याच्या लेखी तुम्ही पक्षी, म्हणजे मृत्यू. माझ्या गोट्याचा पिंजरा नुसता दीड फूट वर उचलल्यावर तो आठवड्यात बदलला, आधी मी खोलीत आलो की फांदीच्या पलीकडे सरकायचा, मग नुसता एक डोळा वळवायला लागला.

जाळीचा पिंजरा घ्या, हवा खेळती राहते. चारी बाजूंनी बंद काचेत दमट हवा कोंडते आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्याला वाटतं दुसरा नर आलाय, दिवसभर अंग काळं करून भांडत बसतो. हवा फारच कोरडी असेल तर तीन बाजूंना बाहेरून प्लास्टिक शीट लावा, समोरची जाळी आणि वरची जाळी मोकळी ठेवा, काम होतं. एका पिंजऱ्यात एकच. जोडी नको, भावंडं नकोत, "त्याला एकटं वाटेल" हे तर नकोच नको, त्याला एकटंच राहायचं असतं. दोन पिंजरे असतील तर मधे पडदा.

आत झाडं खरी लावा. मनी प्लांट, फायकस, शेफ्लेरा, जास्वंद, ही चालतात. व्हेल्ड पानं खातोसुद्धा, म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड पानन् पान धुवा आणि महिनाभर बाहेर ठेवून मगच आत न्या, औषध मारलेलं असतं. कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे ठेवा, त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे. फांद्या आडव्या, तिरप्या, जाड-बारीक सगळ्या प्रकारच्या, आणि त्या जाळीला नीट बांधा, हलणाऱ्या फांदीवर तो विश्वास ठेवत नाही. वरचा भाग ऊन खायला जरा मोकळा, मधला भाग असा दाट की तो आत शिरला की तुम्हाला दिसता कामा नये. लोकांना हे पटत नाही, एवढे पैसे घालून प्राणी आणायचा आणि तो दिसूच नये? पण गंमत अशी आहे की ज्याला लपायला जागा असते तोच बाहेर येऊन बसतो. तळाला काहीच नको, नुसता रिकामा तळ, भुसा-खडे-नारळाचा चुरा काही नको, जीभ मारताना तेच पोटात जातं. फक्त पाणी वाहून जायची सोय करा, खाली ट्रे ठेवा.

ऊन, म्हणजे दोन वेगळे दिवे

इथे जवळजवळ सगळेच गडबड करतात, मीही केली. एक दिवा उबेसाठी आणि एक यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांसाठी, ही दोन वेगळी कामं आहेत. ऊब देणारा साधा बल्बसुद्धा चालतो. व्हेल्ड किंवा पँथर नर असेल तर त्याच्या बसायच्या जागी २९-३० डिग्री, मादीला २७ पर्यंत, जॅक्सनला २६-२७. पिंजऱ्यात बाकी ठिकाणी २२ ते २६, म्हणजे नको झालं की त्याला खाली थंडाव्यात उतरता आलं पाहिजे. रात्री दिवे सगळे बंद, अगदी लाल-निळा "नाइट बल्ब" पण नको, त्याला ते दिसतात. रात्री १८-२० पर्यंत उतरलं तर चांगलंच आहे. खोली मुळात उबदार असेल तर उबेचा बल्ब सकाळचे दोन-तीन तास लावला तरी पुरे.

बल्ब कायम पिंजऱ्याच्या बाहेर आणि जाळीपासून वर उचललेला. मी तो जाळीवर टेकवून ठेवला होता, खालच्या फांदीवर तापमान मोजलं, बरोबर आलं, खूश झालो. पण हे लोक छताच्या जाळीला उलटे लटकतात! एका सकाळी गोट्या बल्बच्या बरोबर खाली जाळीला लटकलेला आणि कास्कच्या टोकाला करडा डाग. भाजलं होतं. त्यांना कातडी भाजतेय हे वेळेत कळत नाही, ते तसेच बसून राहतात. डाग पुढे काळा पडला, महिनोन् महिने तसाच राहिला आणि टोकाचा आकार गेला तो गेलाच. तेव्हा तापमान फांदीवर मोजा आणि जाळीच्या खालच्या बाजूलाही मोजा, कारण तो पोचू शकतो तिथपर्यंत पोचणारच.

यूव्हीबीसाठी लांब ट्यूब घ्या, टी५ एचओ प्रकारची, ५.० किंवा ६ टक्क्यांची. गोल पिळाचे सीएफएलसारखे यूव्हीबी बल्ब मिळतात ते स्वस्त पडतात पण त्यांचा उजेड एवढ्याशा जागेत पडतो, मोठ्या पिंजऱ्याला उपयोग नाही. ट्यूब जाळीच्या वर आणि बसायची फांदी तिच्यापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली. यूव्ही इंडेक्सचं मीटर कुणाकडून उसनं मिळालं तर बसायच्या जागी ३ च्या आसपास आकडा हवा. रोज १२ तास चालू, १२ तास बंद, टायमर लावा, तुमच्या लक्षात राहणार नाही. आणि ट्यूब पेटतेय म्हणजे चालतेय असं नाही, उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून वर्षाने बदला, तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा.

यूव्हीबी नसेल तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर पोटातलं कॅल्शियम शोषलं जात नाही, मग शरीर हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतं. हाडं रबरासारखी होतात, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ नीट जात नाही. मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात, नवशिक्यांकडचे शॅमेलियन ह्यानेच जातात बरेचसे. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. खिडकीतलं ऊन चालेल का, असं सगळे विचारतात. नाही चालणार, काच यूव्हीबी अडवते. खरं ऊन द्यायचं तर जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर न्या, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली हवी आणि तुम्ही तिथेच बसायचं, "आलोच दोन मिनिटांत" करायचं नाही. काचेच्या टाकीत उन्हात ठेवला तर तो थोड्याच वेळात उकडून मरेल.

पाणी

पहाटे दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं बारीक फवारा आणि रात्री दिवे गेल्यावर किंवा जायच्या बेतात असताना परत दोन मिनिटं. दुपारी हवं तर एखादा ड्रिपर, म्हणजे वरून थेंब थेंब पानावर पडणारं काहीही, डब्याला बारीक भोक पाडलं तरी चालतं, खाली भांडं ठेवायला विसरू नका, मी विसरलोय, तेही दोनदा. दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि रात्री ८० च्या वर, हे उलटं वाटतं पण त्यांच्या मूळ ठिकाणी तसंच आहे, रात्री धुकं उतरतं आणि सकाळी वाळतं. रात्री फॉगर लावायचा असेल तर खोली गार असेल तेव्हाच. गरम, दमट आणि कोंदट ही तिन्ही एकत्र आली की छातीचा आजार ठरलेला. पानं दिवसातून पूर्ण वाळली पाहिजेत. फवाऱ्याची टाकी आणि नळ्या धुवत चला, आरओचं पाणी वापरलंत तर नोझल चोंदत नाही.

तो पाणी पुरेसं पितोय का हे त्याच्या शीवरून कळतं. एक काळपट भाग असतो आणि एक पांढरा. पांढरा म्हणजे युरेट, तो पांढराच असेल तर उत्तम, थोडासा टोकाला पिवळा चालतो, सगळा गडद पिवळा-केशरी झाला तर पाणी कमी पडतंय. डोळे आत गेलेले दिसले तर फारच कमी पडतंय. सकाळी उठून सरड्याची शी निरखणारा माणूस म्हणून घरात माझी चेष्टा होते पण ह्याहून स्वस्त टेस्ट नाही.

खाणं

जिवंत किडे. मेलेला, वाळवलेला, डब्यातला हलत नाही म्हणून त्याला ते दिसतही नाहीत म्हणा ना. रातकिडे, डुबिया झुरळं, नाकतोडे, रेशमाच्या अळ्या, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, हे सगळं आलटून पालटून. सुपरवर्म, वॅक्सवर्म अधूनमधून खाऊ म्हणून, ते चरबीवाले असतात. किडा किती मोठा, तर त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. पिल्लू ६ महिन्यांपर्यंत रोज पोटभर, डझनभर छोटे रातकिडेसुद्धा सहज उडवतं. त्यानंतर हळूहळू कमी करत वर्षाच्या पुढे एक दिवसाआड ३ ते ५ किडे बास. "अजून मागतोय" हे खरं असतं, तो कायमच मागतो, त्याच्या मागण्यावर जाऊ नका.

घराच्या आसपासचे किडे धरून घालायचा मोह होतो, पण कुठे फवारणी झालीय तुम्हाला माहीत नसतं. आणि काजवा तर चुकूनही नाही, काही जातींच्या काजव्यात असं विष असतं की एक काजवासुद्धा सरड्याचा जीव घेऊ शकतो.

आता आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किडा उपाशी असेल तर तुम्ही सरड्याला नुसतं टरफल खायला घालताय. म्हणून किड्यांना द्यायच्या आधी निदान एक-दोन दिवस गाजर, रताळं, पालेभाज्या, संत्र्याची फोड असं चांगलंचुंगलं खाऊ घाला, ह्याला गटलोडिंग म्हणतात. म्हणजे सरडा एक आणि तुम्ही खाऊ घालताय दोनशे जणांना, हे आधी कुणी सांगत नाही. रातकिड्यांचा डबा वेगळा, त्यांची साफसफाई वेगळी, त्यातला एक निसटून कपाटामागे गेला की रात्रभर किर्र किर्र आणि तुम्ही टॉर्च घेऊन घरभर. त्यामानाने डुबिया बरी, आवाज नाही, वास नाही, गुळगुळीत डब्यातून चढून जात नाही. फक्त घरच्यांना सांगायचं कसं, की मी झुरळं पाळतोय.

वरून पावडर. डी३ नसलेलं साधं कॅल्शियम प्रत्येक वेळी, किडे पिशवीत घालून चिमूटभर पावडर टाकायची आणि हलवायचं, किड्यावर हलकी भुरभुर दिसली पाहिजे, पिठात घोळवायचं नाही. आणि दोन आठवड्यांतून एकदा डी३ आणि ए जीवनसत्त्व असलेलं मल्टिव्हिटॅमिन. काहीजण काळजीपोटी हेच रोज देतात, जास्तीचं साठत जातं, गळ्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज येते. यूव्हीबी नीट असेल तर डी३ तो स्वतःच बनवतो.

खाऊ घालताना एकदा तरी किडा हातात धरून बघा. तो आधी दोन्ही डोळे पुढे आणतो, एरवी वेगवेगळे हिंडणारे डोळे एकदम एकाच ठिकाणी थांबतात, अंग पुढे झुकतं, तोंड किंचित उघडतं आणि जिभेचं गुलाबी टोक बाहेर येऊन थांबतं. मग काय होतं ते दिसत नाही. नुसता टप् असा ओला धक्का बोटाला लागतो आणि किडा तिकडे. जीभ शेपूट सोडून अंगाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते. हीच जीभ कधी वारंवार चुकायला लागली किंवा अर्धवटच बाहेर पडायला लागली तर ती गंमत नव्हे, डॉक्टरकडे जा. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री आत सोडू नका, तो झोपला की ते त्याला चावतात. उंच गुळगुळीत कप फांदीला बांधून त्यात किडे ठेवले की हा प्रश्नच मिटतो.

मादी असेल तर

हा भाग नरवाल्यांनी सोडला तरी चालेल. व्हेल्ड मादी नर न भेटताही अंडी घालते, ५-६ महिन्यांच्या वयापासून कधीही, आणि एका वेळी ती ३०-४०, भरपूर खाऊ घातलं असेल तर त्याच्या दुपटीपर्यंतसुद्धा असू शकतात. ती घालायला तिला माती लागते. जागा नसेल तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि मरते, इतकं साधं आणि इतकं वाईट आहे हे. म्हणून पिंजऱ्यात कायम एक टब ठेवा, निदान ३० सेंटिमीटर खोल, धुतलेली वाळू, एवढीच ओली की बोटाने बोगदा केला तर ढासळणार नाही. अंगावर निळसर-हिरवे ठिपके आणि पिवळा रंग चढला, खाणं कमी झालं, तळाला येरझाऱ्या सुरू झाल्या की समजा. खणायला लागली की पिंजऱ्याला कापड घाला आणि निघून जा. तिने तुम्हाला बघितलं तर ती काम सोडून वर येते, असं दोनदा झालं तर नाद सोडते. झाल्यावर मातीने मळलेली, पोट सपाट, अशी वर येईल, तेव्हा भरपूर पाणी आणि दोन दिवस चांगलं खाणं. पण दोन-तीन दिवस नुसती खणतेय आणि काही नाही, किंवा डोळे मिटून तळाला बसलीय, तर वाट बघू नका. एरवी मादीला मोजूनमापून खायला देणं आणि ऊब जरा कमी ठेवणं ह्याने अंड्यांची संख्या खूपच आटोक्यात राहते. आता कळलं ना पहिला नर का म्हणालो.

हात लावणं आणि रंग

नवीन आणल्यावर दोन आठवडे हात लावू नका. पिंजऱ्यात हात घालायचा तो फक्त कामापुरता. नंतरही वरून धरायचं नाही, कधीच नाही, हात त्याच्या पुढे खालच्या बाजूने फांदीसारखा धरायचा आणि त्याला वाटलं तर तो चढेल. नाही चढला तर नाही. तोंड वासून फुस्स करतोय, गळा फुगवलाय, अंग कागदासारखं चपटं करून आडवं दाखवतोय म्हणजे सरळ सांगतोय की चालते व्हा. पानासारखा पुढे-मागे डुलत चालत असेल तर तो स्वतःला पान समजतोय, म्हणजे त्याला तुम्ही दिसलेले आहात. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, ह्यांच्या अंगावर सालमोनेला असू शकतो, लहान मुलं घरात असतील तर हे पाळाच.

सरड्यासारखा रंग बदलतो म्हणून आपण माणसांना नावं ठेवतो पण हा बिचारा रंग लपवायला बदलत नाही, उलट सांगायला बदलतो. लाल कपड्यावर ठेवला तर लाल होत नाही, ते व्हिडिओ खोटे. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पँथरवर काम करून दाखवलं की कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, शांत असताना ते जवळजवळ असतात तेव्हा निळा प्रकाश परतवतात, वरच्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो हिरवा दिसतो, आणि चवताळला की स्फटिक लांब सरकतात आणि पिवळा-तांबडा चढतो. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की रंग म्हणजे त्याची तब्येत आणि मूड. सकाळी दिवे लागल्यावर गडद दिसला तर घाबरू नका, गडद अंग ऊन लवकर ओढतं. तासाभराने, नीट तापल्यावरही काळपटच राहिला, आणि रोजच राहिला, तर काहीतरी खुपतंय. आरसा, खिडकीत दिसणारी मांजर, फॅनचा थेट वारा, समोरचा दुसरा पिंजरा, एकेक काढून बघा.

आजार

हे प्राणी दुखणं लपवतात, रानात दुबळा दिसला की खाल्ला जातो. तुम्हाला कळतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा डॉक्टर आधी शोधा, सरडा नंतर आणा, कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर हे बघतोच असं नाही. आल्यावर पंधरा दिवसांत ताज्या शीची तपासणी करून घ्या, जंत असतील तर तिथेच कळतात. एरवी लगेच पळायचं ते कधी, तर दिवसा डोळे मिटलेले, ऊब नसताना तोंड उघडं आणि मान वर करून श्वास, श्वासाला टिक्-टिक् किंवा शिट्टीसारखा आवाज, पाय वाकडे किंवा पकड ढिली, फांदीवरून पडणं, ओठांच्या कडेला सूज किंवा पिवळा चिकटा, कुठलाही सांधा सुजलेला. ह्यातलं काही दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका. डोळा एकदम फुगवून गरागरा फिरवतोय, फांदीला घासतोय, आणि दोन मिनिटांनी परत जागेवर, हे मात्र बहुतेक वेळा डोळ्याची साफसफाई असते, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डॉक्टरांना फोन लावला होता. कात टाकताना कागदाच्या चिंध्या लोंबल्यासारखा दिसतो, त्या ओढायच्या नाहीत, फवारा थोडा वाढवा, तो स्वतः घासून काढतो.

महिन्यातून एकदा किचनच्या डिजिटल काट्यावर फांदीसकट वजन करा आणि वहीत लिहा. आणि एक सवय लावून घ्या, दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने मंद टॉर्च एकदाच फिरवायचा. झोपलेला शॅमेलियन अगदी फिकट होतो, अंधारात पानांमध्ये तोच आधी दिसतो, शेपूट घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, रोजचीच फांदी. गोट्याची उजवीकडून तिसरी होती. एकदा तो तिथे न दिसता तळाच्या कुंडीवर दिसला आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला डॉक्टरकडे नेला, छातीचा संसर्ग सुरू होत होता, आवाजसुद्धा अजून आलेला नव्हता. तीन आठवड्यांनी परत तिसऱ्या फांदीवर.